तंबोऱ्यातला ‘टक्’ : एकाच लॅपटॉपवर कोड आणि ध्वनिमुद्रण

मिरजेत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. येणारं काम ठरलेलं. स्क्रीन फुटली, चार्जिंगची पिन सैल झाली, विंडोज उघडत नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, “काका, मशीन झकास चालतंय. फक्त तंबोऱ्यात टक् वाजतं.” हे प्रकरण महिनाभर चाललं आणि त्यात मी स्वतः दोनदा चुकीच्या वाटेनं गेलो. त्या वाटाही इथे लिहितोय. एकाच मशीनवर सॉफ्टवेअर आणि गाणं दोन्ही करणाऱ्या पोरांना पहिला सल्ला मिळतो तो “दुसरं मशीन घे” असा, आणि या पोराला तो मी जवळजवळ दिलाच होता.

पोरगा सांगलीच्या गावभागातला. पुण्यातल्या एका कंपनीचं बॅकएंडचं काम घरून करतो. लॅपटॉप स्वतःचा: सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी. (कंपनीचा असता तर मी हात लावला नसता. त्यांच्या मशीनवर आपलं सॉफ्टवेअर घालणं म्हणजे नोकरीशी खेळ.) घरात भजनाची परंपरा, स्वतःही थोडं गातो. त्याला रियाजासाठी एक ॲप करायचं होतं. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यांचा आवाज त्याला पत्र्यासारखा वाटतो. म्हणून मिरजेत घडलेल्या तंबोऱ्याचा आवाज पट्टीपट्टीनं मुद्रित करायचा, त्याचे तुकडे सांधून न तुटणारी आस (सलग घुमणारा स्वर) तयार करायची आणि ती ॲपमधून वाजवायची, असा बेत.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण इथल्या माणसाला ते वाद्य चांगलं आहे हे सांगायला मानांकन लागत नाही. सतारमेकर गल्लीतले एक चाचा दोन तंबोरे घेऊन त्याच्या घरी जायला तयार झाले. एक पुरुषी, काळी एकचा. दुसरा बायकी, काळी पाचचा. मधल्या पट्ट्या तारा बदलून आणि जवारी (घोडीवरची, तारेला गुंजन देणारी घडण) पुन्हा लावून साधायच्या होत्या. म्हणजे मुद्रण, तुकडे कापणं आणि ते वाजवणारा कोड लिहिणं हे सगळं एकाच टेबलावर. कापलेला तुकडा ॲपमध्ये लगेच वाजवून सांधा ऐकू येतो का ते बघायचं, नाही जमला तर पुन्हा कापायचा. दोन मशीनं असती तर फायली इकडून तिकडे नेण्यातच संध्याकाळ गेली असती.

टक् नेमका कुठे

खटका सहसा गाण्यात लपून जातो. ढोलकी आहे, पेटी आहे, कुणाच्या लक्षात येत नाही. तंबोऱ्यात लपायला जागाच नाही. स्वच्छ धोतरावर शाईचा थेंब पडावा तसा तो दिसतो.

पहिली तपासणी साधी. मुद्रित फाइल मोबाइलवर घेऊन ऐकली. टक् त्याच जागी, पुन्हा ऐकलं तरी त्याच जागी. म्हणजे दोष ऐकवण्यात नव्हता, फाइलमध्येच होता. मग मी यूएसबीची केबल बदलली, पोर्ट बदलला, ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी डबी) दुसऱ्या मशीनला लावून पाहिला. दोन दिवस गेले. ही माझी पहिली चूक. इंटरफेस निर्दोष होता आणि मी दुकानदाराच्या सवयीनं आधी हाताला लागणाऱ्या वस्तू बदलत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी रीपर, म्हणजे तो ज्यात मुद्रण करायचा तो प्रोग्रॅम, उघडायला लावलं आणि ध्वनीची सेटिंग बघितली. बफर ६४.

ही गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे. आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांत मोजला जात होता. ६४चा बफर म्हणजे दर ६४ नमुन्यांना इंटरफेस एक टोपली भरून संगणकापुढे धरतो. ४८,००० भागिले ६४ म्हणजे सेकंदाला ७५० टोपल्या, दर १.३३ मिलिसेकंदाला एक. संगणकाचा हात त्या क्षणी दुसरीकडे गुंतलेला असला तर टोपली सांडते. सांडलेली टोपली म्हणजे तो टक्.

पोराचा प्रश्न रास्त होता. “काका, याच मशीनवर सहाही कोअर शंभर टक्के करून मी कोड कंपाइल करतो. तेव्हा काही होत नाही. आणि तंबोऱ्याच्या एका ट्रॅकला प्रोसेसर पाच टक्केसुद्धा जात नाही. मग?”

मी त्याला कारखान्याचं उदाहरण दिलं. कोड कंपाइल होणं, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनणं, हे साखर कारखान्याचं गाळप. दिवसाअखेर किती टन झालं ते मोजायचं. मध्ये ऊस टाकायची गव्हाण दहा मिनिटं थांबली तर हिशेबात फरक पडत नाही. ध्वनिमुद्रण म्हणजे तबलजीची सम. रात्रभर उत्तम वाजवलं आणि एकदा सम चुकली, तर लोक तीच लक्षात ठेवतात. पाच टक्के हा सरासरीचा आकडा झाला. आवाजाला सरासरी कळत नाही, त्याला सर्वांत वाईट क्षण कळतो.

६४ का ठेवलं, तर कुठल्याशा व्हिडिओत कमी बफर चांगला म्हणून सांगितलं होतं. हेडफोनमधून स्वतःचा आवाज ऐकत गाणाऱ्याला ते लागू आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला तीनेक मिलिसेकंद. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साथीची पेटी साडेतीन मीटर लांब बसल्यासारखं, चालून जातं. पन्नास झाला की गायकाचा पाय घसरतो. पण चाचा तंबोरा छेडताना समोरचा तंबोराच ऐकत होते. त्यांना हेडफोन नको होता आणि उशिराशी देणंघेणं नव्हतं. इंटरफेसवर थेट ऐकण्याचं बटण होतंच. बफर १०२४ केला. आता टोपली २१.३ मिलिसेकंदांची.

टक् कमी झाले. दहा मिनिटांत पंधरा-वीस होते ते दोन-तीनवर आले. गेले मात्र नाहीत, आणि मला खरी चिंता इथून लागली. एकवीस मिलिसेकंद ही संगणकाच्या हिशेबात केवढी तरी सवड आहे. तेवढा वेळ हात अडवून ठेवणारं कोण?

प्रोजेक्ट नावाचा फोल्डर

लेटन्सीमॉन नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मिळतो. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून ठेवतो आणि रॅम अपुरी पडून डिस्ककडे किती फेऱ्या होतात, हे तो दाखवतो. अर्धा तास चालू ठेवला. वायफायच्या ड्रायव्हरचे उंचच उंच सुळके, हे अपेक्षित होतं. लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा हाच गुन्हेगार निघतो. दुसरं होतं डिस्ककडे जाणाऱ्या फेऱ्यांचं प्रमाण. त्याचं कारण शोधायला वेळ लागला नाही. कोडसाठी डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) आणि त्याखाली विंडोजमधलं लिनक्स लॉगिन होताच आपोआप सुरू होत होतं. ते एक आभासी मशीन असतं आणि वेगळं काही सांगितलं नाही तर एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. सोळातले आठ तिथे. उरलेल्या आठात विंडोज, चाळीस टॅबचा ब्राउझर, कोड एडिटर आणि कडेला अंग चोरून बसलेलं रीपर.

वायफाय बंद केलं, डॉकर बंद केलं. दहा मिनिटांत एक टक्. अजूनही एक.

तो सापडला तेव्हा आम्ही दोघं हसत सुटलो. पोरानं सगळं काम ‘प्रोजेक्ट्स’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवलं होतं. कोडचंही प्रोजेक्ट, रीपरचंही प्रोजेक्ट, शब्द एकच, म्हणून घरही एकच. त्या फोल्डरवर एडिटरचा डोळा होता: फाइल बदलली की नोंद घ्यायची. ॲपच्या बांधणीचा वॉचर होता: फाइल बदलली की पुन्हा बांधायचं. अँटीव्हायरस होता: फाइल बदलली की तपासायची. क्लाउडचं सिंक होतं: फाइल बदलली की वर चढवायच्या तयारीला लागायचं. आणि मुद्रण चालू असताना आवाजाची फाइल सतत वाढत असते, म्हणजे क्षणोक्षणी बदलत असते. एका तंबोऱ्यामागे चार शिपाई वही घेऊन धावत होते.

फोल्डर वेगळा केला. एडिटर, वॉचर आणि सिंकच्या कक्षेबाहेर काढला, अँटीव्हायरसला त्यातून सूट दिली. त्या रात्री चाळीस मिनिटांचं सलग मुद्रण झालं. एकही टक् नाही. रॅम तीच, मशीन तेच.

पंचम हलतोय

टक् गेला तशी दुसरी गोष्ट ऐकू यायला लागली, तीही चाचांना. काळी एकचा तंबोरा मुद्रित करून हेडफोन त्यांच्या कानाला लावला तर म्हणाले, “पंचम हलतोय रे.” खुंटी फिरवली, मणी सरकवला, पुन्हा मुद्रण. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ते वैतागले. “समोर ऐकतोय तर पंचम जागच्या जागी. तुझ्या डब्यात गेला की हलतो. खोट डब्यात आहे.”

त्यांचं बरोबर होतं, आणि का बरोबर होतं ते आकड्यांत मांडल्यावर मला त्या कानाचं नवल वाटलं. काळी एकचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ. त्याखालचा पंचम, म्हणजे तंबोऱ्याची पहिली तार, १०४च्या आसपास. आपली वीज ५० हर्ट्झची आणि तिची घरघर ५०, १००, १५० अशी चढते. मुद्रणात १०० हर्ट्झची अगदी बारीक घरघर होती. १०४ आणि १०० शेजारी आले की सेकंदाला चार हेलकावे पडतात. मला घरघर ऐकू आलीच नव्हती. चाचांना ती हलणारा पंचम म्हणून ऐकू आली.

चार्जर काढून बॅटरीवर घेतलं, हेलकावे गेले. मग सॉकेट बघितलं. जुना वाडा, खोलीत दोन पिनांचं जुनं सॉकेट, त्यात चार्जरची तीन पिनांची वायर कन्व्हर्टर लावून खुपसलेली. अर्थिंग जोडलेलंच नव्हतं. “लॅपटॉपच्या कडेला हात लागला की मुंग्या येतात का?” विचारलं तर म्हणाला, “येतात की. सगळ्यांच्याच येतात ना?” अशा चार्जरमधून थोडा प्रवाह बॉडीवर येतो. अर्थिंग असेल तर तो मुकाट्यानं जमिनीत जातो, नसेल तर वाट शोधत इंटरफेसमधून, माइकच्या वायरीतून फिरतो.

बॅटरीवर मुद्रण करणं हा सोपा उपाय दिसतो, पण बॅटरीवर गेला की लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो, वर चढवतो, पुन्हा उतरवतो. एक टक् परत आला. वायरमन बोलावून त्या खोलीपुरतं अर्थिंग नीट करून घेतलं, तीन पिनांचं सॉकेट बसवलं, आणि लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच बोर्डवर आणलं. संपूर्ण प्रकरणात पैशाच्या मोबदल्यात सर्वांत जास्त गुण याच खर्चानं दिला, आणि याचा संगणकाशी तसा संबंध नव्हता.

रेघ कुठे ओढायची

आता प्रश्न रोजच्या वापराचा. दर वेळी पंधरा गोष्टी हातानं बंद करणं कुणी करत नाही. पोरानं दोन पर्याय काढले होते.

एक, मॅक मिनी. २०२४च्या शेवटी एम४चा आला तेव्हा किंमत ५९,९०० रुपयांपासून होती. आवाजाच्या बाबतीत मॅकची पायाभूत व्यवस्था चांगली आहे यात वाद नाही. पण डॉकर तिथेही आभासी लिनक्समध्येच चालतो, आणि फोल्डर एकत्र ठेवला असता तर तिथेही चार शिपाई धावलेच असते.

दोन, सगळंच लिनक्सवर न्यायचं. मला हा पर्याय मनापासून आवडतो. डॉकरला मध्ये आभासी मशीन लागत नाही, आवाजासाठी पाइपवायर आता चांगलं रुळलंय, रीपर लिनक्सवर चालतं आणि वेळेची हमी देणारी रिअल-टाइम सोय लिनक्सच्या मूळ कर्नलमध्येच (गाभ्यातच) ६.१२ पासून आली आहे. पण त्यानं विकत घेतलेलं घरघर काढण्याचं प्लगइन फक्त विंडोज आणि मॅकसाठी होतं. पैसे मोजून घेतलेली वस्तू टाकून द्यायला सांगणं जिवावर आलं.

तिसरा पर्याय मी सुचवला आणि ती माझी दुसरी चूक. विंडोज सुरू होताना दोन नोंदी दिसतील अशी व्यवस्था केली. एक नेहमीची, दुसरीत हायपरवायझर बंद, म्हणजे आभासी मशीनचा थरच नाही. कोडसाठी पहिली, गाण्यासाठी दुसरी. कागदावर सुरेख. (करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर अशा बदलानंतर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधी हाताशी ठेवा. शिवाय हायपरवायझरवर अवलंबून असलेलं सुरक्षेचं कवचही त्या नोंदीत नसतं.) आठ दिवस पोरगा इमानानं रीस्टार्ट करत राहिला. नवव्या दिवशी कंटाळला. तुकडा कापायचा, ॲपमध्ये ऐकायचा, पुन्हा कापायचा, आणि दर वेळी रीस्टार्ट? मग आम्ही मोजून बघितलं. डॉकर आणि वायफाय बंद केल्यावर, हायपरवायझर चालू असो की बंद, त्याच्या मशीनवर फरक दिसतच नव्हता. ती नोंद काढून टाकली.

रेघ मी चुकीच्या जागी ओढत होतो हे तेव्हा उमगलं. एका बाजूला संगीत, दुसऱ्या बाजूला कोड, अशी ती रेघ नव्हतीच. तुकडे कापणं हे संगीताचंच काम, पण तिथे टोपली सांडली तरी फाइलला धक्का लागत नाही. फार तर ऐकताना खटका येईल, पुन्हा ऐका. ते काम डॉकर चालू ठेवून, बफर १०२४ वर ठेवून कोडच्या शेजारी खुशाल होतं. ज्याला सगळं मशीन मोकळं लागतं ते फक्त माणूस समोर बसून वाजवतोय ते मुद्रण. आठवड्यातले तीन-चार तास. तेवढ्यासाठी मशीन दुभंगायचं कशाला?

पोरगा प्रोग्रॅमर होता, त्याचा इथे उपयोग झाला. त्यानं एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, नाव ठेवलं ‘बैठक’. चालवली की डॉकर आणि आतलं लिनक्स बंद, वायफाय बंद, सिंक थांबलेलं, विजेची योजना पूर्ण वेगाची, सूचनांचे आवाज मुके, आणि रीपर उघडं. ‘उठाठेव’ नावाची दुसरी स्क्रिप्ट सगळं पूर्ववत करते. नेहमीच्या कामातही आतल्या लिनक्सला पाच जीबीची मर्यादा घालून दिली. विंडोजचा सगळा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरकडे आणि इंटरफेस फक्त रीपरकडे, असं वाटप कायमचं केलं. सकाळच्या मीटिंगसाठी ब्राउझर इंटरफेसचा माइक पकडायचा आणि संध्याकाळी तो सोडलेला नसायचा, हा त्रास त्यानं संपला. अपडेटचा एक करारही झाला: पट्ट्या मुद्रित होईपर्यंत रीपर आणि इंटरफेसच्या ड्रायव्हरला हात लावायचा नाही. प्रोग्रॅमरच्या बोटांना हे फार जड जातं.

बैठक चालू असताना पंखाही गप्प बसतो, हा न ठरवलेला फायदा. मशीनला कामच नसतं. तरी लॅपटॉप आम्ही दाराआड ठेवला आणि यूएसबी केबल दाराखालून नेली, यूएसबी २.०ची केबल पाच मीटरपर्यंतच ठेवायची. छताचा पंखा अर्थातच बंद. मे महिन्यात, बंद खोलीत, चाचा टॉवेल खांद्यावर टाकून बसायचे आणि दर दोन टेकनंतर तारा पुन्हा लावायचे, कारण उकाड्यात स्वर उतरतो.

डिस्क आणि पूर

जागा पुरत नाही, ही तक्रार सुरुवातीपासून होती आणि दोष संगीतावर टाकला जात होता. हिशेब केला. २४ बिट, ४८,००० नमुने, दोन माइक: मिनिटाला साधारण १७ एमबी. बारा पट्ट्यांचे प्रत्येकी दहा मिनिटं म्हणजे दोन जीबीच्या थोडं वर. जागा खाल्ली होती आतल्या लिनक्सच्या आभासी डिस्कनं: १४० जीबीची फाइल, आत प्रत्यक्ष वापर ३८. आत कितीही पुसा, बाहेरची फाइल आपणहून आकसत नाही. नको असलेल्या डॉकर इमेज काढून ती वेगळी आवळावी लागते. आवळली. नवी डिस्क घ्यावी लागली नाही.

बॅकअपचं विचारलं तर म्हणाला, “काका, सगळं गिटवर आहे.” गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था. तिथे कोड होता, पण आवाज नव्हता. दहा मिनिटांचा एक टेक १७३ एमबीचा आणि गिटहब (ती नोंद जिथे ऑनलाइन ठेवतात ती जागा) १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही. कोडवाल्यांना बॅकअपची सवय असते, म्हणून ते गाफील राहतात. मी त्याला एवढंच विचारलं, “२०१९ला कुठे होतास?” त्या ऑगस्टच्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती, धोक्याची पातळी ४५ असताना. पोराच्या घराच्या तळमजल्यावर छताजवळ अजून चिखलाची रेघ आहे. आता दर रविवारी आवाज बाहेरच्या डिस्कवर जातो आणि ती डिस्क विश्रामबागेत मावशीकडे, तिसऱ्या मजल्यावर असते. रीपरची प्रोजेक्ट फाइल मात्र साधा मजकूर असते, त्यामुळे ती गिटमध्ये मजेत राहते. काल कुठला तुकडा कुठे कापला होता हे ओळीओळीनं दिसतं.

पुढे त्यानं रॅम ३२ जीबी केली. कंपनीच्या कामासाठी. तंबोऱ्याला तिचा काही उपयोग झालेला नाही.

शेवटच्या रात्री पांढरी चारच्या टेकमध्ये, सातव्या मिनिटाला, पुन्हा टक्. पोराचा चेहरा उतरला. लेटन्सीमॉन लावलं, सगळं हिरवं. बैठक चालू होती, वायफाय बंद होतं. मी पुन्हा केबलकडे बघायला लागलो. चाचांनी हेडफोन मागितला, दोनदा ऐकलं आणि तुळईकडे बोट दाखवलं. पाल चुकचुकली होती.

तेवढा तुकडा कापून सांधा जुळवला. त्या दिवशीच्या कमिटचा, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या नोंदीचा, मजकूर पोरानं मला दाखवला: ‘पांढरी चार : पाल काढली.’